तारखांची चिठ्ठी

ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझ्या आयुष्याच्या बऱ्याचशा दुपारी गेल्या, तेथील प्रत्येक पुस्तकाच्या अखेरच्या पानावर, आतल्या पुठ्ठ्याला लागून, एक आखीव चिठ्ठी डकविलेली असे, आणि पुस्तक घरी नेताना देवघेवीच्या खिडकीवरचा कारकून तिच्यावर परतीच्या तारखेचा जांभळा शिक्का उठवीत असे. बहुतेकांच्या लेखी ती चिठ्ठी म्हणजे दंड चुकविण्याची सोय. परंतु फळ्यांसमोर उभे राहून पुस्तके चाळण्याची ज्याला खोड आहे, त्याला त्या शिक्क्यांत पुस्तकाचे चरित्र वाचता येई. अर्थशास्त्राच्या एका क्रमिक पुस्तकाला एकावर एक अशा तीन चिठ्ठ्या डकवून झाल्या होत्या आणि तिसरीही भरत आली होती. त्याच फळीवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर, जमीनमहसुलाच्या इतिहासावरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. त्याच्या चिठ्ठीवर दोनच शिक्के होते, त्या दोहोंत सतरा वर्षांचे अंतर होते, आणि मौज अशी की 48व्या पानापुढची जोडपाने छापखान्यातून आली तशीच, न कापलेली, राहिली होती. म्हणजे दोघांनी तो ग्रंथ घरी नेला खरा, पण 48व्या पानाच्या पलीकडे दोघांपैकी कोणीही गेले नव्हते. चिठ्ठीला यातले निम्मेच ठाऊक होते.

ग्रंथालयाने कोणती पुस्तके घ्यावीत, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. अंदाजपत्रकात ग्रंथखरेदीची तरतूद विषयवार वाटून दिलेली असते. प्राध्यापकमंडळी आपापल्या वाट्याच्या शिफारशी पाठवितात. ज्यांच्या शिफारशी येत नाहीत त्यांचा वाटा फेब्रुवारीअखेर तसाच पडून राहतो. आणि मार्च महिना उजाडला की मंजूर रक्कम व्यपगत होऊ नये या धास्तीने विक्रेत्याने आणून टाकलेली खोकी उघडून, मुखपृष्ठे पाहून, पुस्तके दाखल नोंदवहीत चढविली जातात. या शिरस्त्यात वाचक कोठेच नाही. त्याच्यासाठी हे सारे चाललेले असते, पण त्याला कोणी काही विचारलेले नसते. गणिताची प्राध्यापकी सोडून 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध केले, त्यांतला पहिलाच ग्रंथांच्या उपयोगासंबंधी आहे, दुसरा व तिसरा वाचक आणि ग्रंथ यांची गाठ घालून देण्यासंबंधी. परंतु सिद्धांत भिंतीवर टांगून ठेवणे सोपे, आणि त्याबरहुकूम खरेदीची यादी करणे अवघड. त्यासाठी वाचक प्रत्यक्षात काय करतो, काय नेतो, काय शोधतो आणि कशावाचून परत जातो, हे पाहावे लागते. आणि हे पाहण्याचे एक पद्धतशीर शास्त्र गेल्या शंभराहून अधिक वर्षांत उभे राहिले आहे.

त्याचा आरंभ पुस्तकांच्या अडगळीतून झाला. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी 1902 साली असा विचार मांडला की, ग्रंथालयातील वापरात असलेली पुस्तके आणि वापरात नसलेली पुस्तके यांची फारकत करावी, व दुसऱ्या वर्गाला शहराबाहेर स्वस्त जागेत नेऊन ठेवावे. विद्वानांना हा ग्रंथांचा अपमान वाटला. परंतु वापरात नसलेले पुस्तक ओळखावयाचे कसे, हा त्यातला खरा पेच होता, आणि त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर येण्यास पुढे साठएक वर्षे जावी लागली. शिकागो विद्यापीठात हर्मन फसलर आणि ज्युलियन सायमन (हेच पुढे लोकसंख्येच्या प्रश्नावरील आपल्या बंडखोर मतांसाठी प्रसिद्ध झालेले अर्थशास्त्रज्ञ) यांनी मोठ्या संशोधन-ग्रंथालयांतील हजारो पुस्तकांचा इतिहास तपासला, आणि भाषा, प्रकाशनवर्ष, विषय इत्यादी सगळ्या खुणांपेक्षा पुस्तकाचा गतकाळातील वापर हीच त्याच्या भावी वापराची सर्वांत भरवशाची खूण आहे, असे दाखवून दिले. औद्योगिक अभियांत्रिकीतून आलेल्या रिचर्ड ट्रूझवेल यांनी 1969 साली व्यापाऱ्यांच्या परिचयाचा एक नियम ग्रंथालयास लावला: देवघेवीचा सुमारे 80 टक्के भार संग्रहातील सुमारे 20 टक्के पुस्तके वाहतात. किराणा दुकानदारास यात नवल वाटणार नाही. ग्रंथपालांना मात्र वाटले.

तथापि खरी खळबळ उडाली ती पिट्सबर्गच्या अभ्यासाने. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या हिलमन ग्रंथालयाने देवघेवीची नोंद संगणकावर ठेवण्यास त्या काळच्या मानाने फार लवकर सुरुवात केली होती, आणि त्यामुळे जे काम पूर्वी लक्षावधी चिठ्ठ्या उलगडून करावे लागले असते ते यंत्राकडून करवून घेणे शक्य झाले. ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 या एका वर्षात दाखल झालेली 36,892 पुस्तके घेतली, आणि 1975 अखेरपर्यंत त्या प्रत्येकाचे काय झाले, याचा माग काढला. संपूर्ण अहवाल 1979 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य आकडा असा की, या पुस्तकांपैकी जवळजवळ 40 टक्के पुस्तके त्या साऱ्या काळात एकदाही कोणी घरी नेली नव्हती. एकदाही नाही! नवे कोरे पुस्तक विकत घेतले की ते केव्हातरी कोणीतरी नेईल याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक; पहिली दोन वर्षे कोणी नेले नाही तर पुढे ते कधी जाईल याची शक्यता चारांत एक; आणि सहा वर्षे ते फळीवर स्वस्थ राहिले तर पन्नासांत एक. मानवी आयुर्मानाचे कोष्टक विमा कंपन्या मांडतात तसे पुस्तकाच्या आशेचे कोष्टक येथे मांडले गेले, आणि त्यातला ऱ्हास इतका वेगवान निघेल अशी कोणाची कल्पना नव्हती.

या आकड्यांचे स्वागत झाले नाही, हे सांगावयास नकोच. त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या ग्रंथालय-समितीने अहवालाच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. जे पुस्तक ग्रंथालयातच टेबलावर बसून वाचले गेले त्याची गणना पुरेशा काळजीने झालेली नाही. इतिहासाच्या किंवा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला एखादा ग्रंथ तीस वर्षांनी लागतो, त्याला सहा वर्षांच्या मापाने मोजणे अन्याय्य आहे. आणि जे पुस्तक एकाच माणसाने एकदाच नेले, पण त्यावरून एक प्रबंध सिद्ध झाला, ते परीक्षेपूर्वी पन्नास जणांनी नेलेल्या मार्गदर्शकाहून हलके कसे ठरेल, असे त्यांचे म्हणणे. अभ्यासकर्त्यांचे उत्तर असे होते की, आपण नमुन्यादाखल टेबलावरील वापरही तपासला, आणि जी पुस्तके टेबलावर वाचली जातात तीच बहुतांशी घरीही नेली जातात, असे दिसले. वाद मिटला नाही. पण लॅरी हार्डेस्टी यांनी इंडियाना राज्यातील डीपॉव या लहानशा महाविद्यालय-वजा विद्यापीठात हाच प्रयोग केला तेव्हा चित्र फारसे निराळे निघाले नाही. आणि पुष्कळ नंतर, 2010 साली, कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या संग्रहाची झडती घेतली तेव्हा 1990 नंतर प्रकाशित झालेल्या त्यांच्या छापील ग्रंथांपैकी सुमारे 55 टक्के ग्रंथ तोवर एकदाही देवघेवीत आलेले नाहीत, असे आढळले. पिट्सबर्गची मंडळी हिशेबात चुकली असतील, असे समजून समाधान मानण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

मला स्वतःला त्या प्राध्यापकांचा युक्तिवाद पटतो, पण पुरता नव्हे. संशोधन-ग्रंथालयाने काही ग्रंथ येणाऱ्या पिढीच्या भरवशावर राखून ठेवलेच पाहिजेत. परंतु दरसाल घेतलेल्या पुस्तकांपैकी चाळीस टक्के पुस्तके येणाऱ्या पिढीसाठीच जाणूनबुजून घेतली होती, असे एकही ग्रंथालय शपथेवर सांगू शकणार नाही. त्यांतली कित्येक केवळ कोणीतरी शिफारस केली म्हणून, शिफारस करणाराही नंतर ती विसरला म्हणून, तेथे उभी असतात. पिट्सबर्गच्या आकड्यातून पुस्तके फेकून द्या असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की, खरेदीच्या क्षणी आपण जे गृहीत धरतो त्याची रुजवात पुढे कधीतरी घातली पाहिजे, आणि आपल्याकडे ती कोणीच घालीत नाही. आपल्याकडे जी वार्षिक पडताळणी होते ती पुस्तक जागेवर आहे की हरवले एवढेच पाहते. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांच्या पडताळणीचा स्वतंत्र नियम आहे. त्यान्वये वर्षभरात वाचकांच्या हाताळणीत आलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची घट, अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, वाजवी मानली जाते. हरवलेल्या पुस्तकाचा जाबजबाब असा बाकायदा होतो. न वाचलेल्या पुस्तकाचा जाब कोणताही हिशेबतपासनीस विचारीत नाही. ज्या ग्रंथालयातले एकही पुस्तक कोणी हाताळले नाही, त्याचा ताळा सर्वांत चोख जुळेल!

परंतु देवघेवीच्या नोंदीत जी खरी उणीव आहे ती पिट्सबर्गच्या टीकाकारांनी दाखविली त्याहून मोठी आहे, आणि ती मला एका साध्या प्रसंगाने कळली. जूनची दुपार होती, खिडकीपाशी गर्दी नव्हती. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली.

“काका, ते भूरूपांचं पुस्तक आलं का?”

“नाही गं. सरांकडे आहे.”

“कधी येईल?”

“सरांनाच विचार की.”

ती हसली, क्षणभर घुटमळली आणि निघून गेली. सरांकडे ते पुस्तक मागील दिवाळीपासून होते, हे काकांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते, आणि सरांना विचारावयास ती जाणार नव्हती हे आम्हां दोघांनाही दिसत होते. त्या दुपारी तिची इच्छा, तिची ती खेप आणि तिची निराशा यांतले काहीही कोणत्याच वहीत चढले नाही. चिठ्ठीवर शिक्का उठतो तो ज्याला पुस्तक मिळाले त्याचा. ज्याला मिळाले नाही त्याच्यासाठी शिक्काच नाही. वर्षअखेर आकडे मांडले असते तर त्या पुस्तकाच्या नावे एकच देवघेव दिसली असती, आणि दुसरी प्रत घेण्याचे काहीच कारण नाही असा अनुमानाला धरून, पण सर्वस्वी चुकीचा, निर्णय झाला असता.

ही अदृश्य निराशा मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनातला तोच भाग सर्वांत मोलाचा आहे. क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या ग्रंथालयासंबंधी टेफ्को सारासेविच, विल्यम शॉ आणि पॉल कँटर यांनी 1977 साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाचक रिकाम्या हाताने का परततो याची कारणे एकामागून एक चाळण्या लावाव्या तशी वेगळी केली आहेत: पुस्तक ग्रंथालयाने घेतलेलेच नाही, घेतले आहे पण बाहेर गेले आहे, आत आहे पण भलत्या जागी ठेवले गेले आहे, आणि योग्य जागी आहे, पण वाचकालाच ते सापडत नाही. यांतल्या केवळ पहिल्या कारणावर खरेदी हा उपाय आहे. दुसऱ्यावर जादा प्रत किंवा मुदतीची कपात, तिसऱ्यावर फळ्या लावणारा सावध माणूस, आणि चौथ्यावर ग्रंथसूची नीट करणे व कोणीतरी उठून दाखवावयास जाणे. आपल्याकडे या चारही दुखण्यांवर पुष्कळदा एकच औषध दिले जाते: आणखी पुस्तके.

इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेस्टर विद्यापीठ 1964 साली स्थापन झाले. तेथील ग्रंथालयात मायकेल बकलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या कारणाचा जो छडा लावला त्याची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यांना असे दिसले की, वाचकाला हवे ते पुस्तक फळीवर मिळणे न मिळणे हे त्या पुस्तकाची मागणी, प्रतींची संख्या आणि घरी नेण्याची मुदत या तिहींच्या मेळावर अवलंबून असते. आणि गंमत ही की, लोक पुस्तक वाचून झाले म्हणून परत करीत नाहीत, मुदत संपली म्हणून करतात. मुदत महिन्याची असो वा पंधरवड्याची, पुस्तके मुदतीच्या दिवशीच गोळा होतात. तेव्हा ज्या पुस्तकाला फार मागणी आहे त्याची मुदत छाटली तर नवी प्रत न घेताही त्याची उपलब्धता वाढते. या हिशेबावर 1969 साली लँकेस्टरने नियम बदलला: ज्या पुस्तकांच्या मागे वाचक लागलेले आहेत ती आठवडाभरासाठीच द्यावयाची, बाकीची दीर्घ मुदतीने, शिवाय जेथे जरूर तेथे जादा प्रती. हव्या त्या पुस्तकाची गाठ पडण्याचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे चांगलेच वाढले. पण पुढे जे घडले ते अपेक्षेत नव्हते. ग्रंथालयाची देवघेव इतकी वाढली की, त्या वाढीच्या भाराने उपलब्धता पुन्हा खाली घसरू लागली. पुस्तक मिळते असा अनुभव आल्यावर जे पूर्वी मागावयासच येत नसत तेही येऊ लागले होते. म्हणजे मागणी कमी म्हणून जी दिसत होती ती पुष्कळ अंशी निराशेची सवय होती. भूरूपांचे पुस्तक मागणारी ती मुलगी पुन्हा त्या खिडकीपाशी फिरकलेली मला दिसली नाही, याचा अर्थ मला लँकेस्टरचे वृत्त वाचल्यानंतर उमगला.

नियतकालिकांच्या बाबतीत प्रश्न आणखी धारदार होतो, कारण पुस्तक एकदा घेतले की घेतले, नियतकालिकाची वर्गणी मात्र दरसाल भरावी लागते आणि दरसाल वाढते. येथे वाचकाच्या वर्तनाचा मागोवा निराळ्या मार्गाने घेतला गेला. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयात पी. एल. के. ग्रोस आणि ई. एम. ग्रोस यांच्यापुढे प्रश्न होता की, लहान महाविद्यालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत. तज्ज्ञांच्या आवडीनिवडी विचारीत न बसता त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा 1926 सालचा खंड घेतला, त्यातील लेखांखालच्या टीपांत कोणकोणत्या नियतकालिकांचा हवाला दिला आहे ते मोजले, आणि त्या 3633 हवाल्यांवरून 1927 साली अग्रक्रमाची यादी तयार केली. संशोधक काय वाचतो हे त्याला विचारण्यापेक्षा त्याच्या टीपा पाहाव्यात, ही युक्ती तेव्हापासून रूढ झाली. तिच्यामुळे ज्या गोष्टी उघड झाल्या त्यांतली एक अशी की, इंग्रजी नियतकालिकांवर समाधान मानणाऱ्या अमेरिकी महाविद्यालयास जर्मन नियतकालिकांवाचून, आणि तिथल्या विद्यार्थ्यांस जर्मन भाषेवाचून, रसायनशास्त्र पुरते शिकता येणार नव्हते. खरेदीसाठी सुरू केलेल्या मोजणीने अभ्यासक्रमाकडेच बोट दाखविले.

लंडनच्या विज्ञान-संग्रहालयाच्या ग्रंथालयाचे प्रमुख सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी 1934 साली यामागची रचना उलगडली. उपयोजित भूभौतिकीवरील 1332 लेख त्यांनी गोळा केले, तेव्हा त्यांतले 429 लेख अवघ्या 9 नियतकालिकांत सापडले. पुढचे 499 मिळविण्यास 59 नियतकालिके लागली. आणि उरलेल्या 404 लेखांसाठी 258 नियतकालिके पालथी घालावी लागली. विहिरीचे पाणी वर असते तोवर चार हात दोर पुरतो, तळाचे पाणी काढावयाचे तर सारी रहाटगाडगी लागतात, तशातला हा प्रकार आहे. ज्या ग्रंथालयाला सारे काही संग्रही असावे अशी हाव आहे, त्याचे दिवाळे शेवटच्या तिसऱ्या भागात निघते. याच ग्रंथालयात डोनाल्ड उर्कहार्ट यांनी 1956 सालच्या उसनवारीचा हिशेब केला, तेव्हा संग्रहातील सुमारे 9000 नियतकालिकांपैकी निम्म्याहून अधिक त्या वर्षात कोणीच मागितली नव्हती, आणि त्यांतील थोड्याच नियतकालिकांनी सुमारे 80 टक्के मागणी भागविली होती. उर्कहार्ट यांनी यातून काढलेला निष्कर्ष मोठा व्यवहारी होता: प्रत्येक विद्यापीठाने ती मोजकी घ्यावीत, आणि तळाच्या हजारोंसाठी साऱ्या देशात मिळून एकच कोठार असावे, जेथून मागणी येताच टपालाने लेख पाठविता येईल. यॉर्कशरमधील बॉस्टन स्पा येथे 1962 साली उघडलेले राष्ट्रीय उसनवार-ग्रंथालय हे त्या एका हिशेबाचे फळ होय.

हाच विचार उलट्या टोकाने अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने केला. एखाद्या वाचकाने दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून द्या असा अर्ज केला, तर शिरस्त्याप्रमाणे ते उसने आणून, वापरून, परत पाठवीत. त्यात टपाल, कारकुनी आणि वेळ मिळून खर्च बराच होई. जानेवारी 2000 पासून त्यांनी ठराविक किमतीच्या आतले व लगोलग मिळण्याजोगे अभ्यासग्रंथ उसने आणण्याऐवजी सरळ विकत घेऊन वाचकाच्या हाती देण्यास आणि त्याचे वाचन संपल्यावर फळीवर ठेवण्यास सुरुवात केली. अशा रीतीने आलेली पुस्तके पहिल्या वाचकानंतरही इतर मार्गांनी आलेल्या पुस्तकांहून अधिक वेळा बाहेर गेली, असे त्यांना पुढील दहा वर्षांत दिसून आले. आणि पुष्कळशी पुस्तके दोन विषयांच्या सीमेवरची होती, म्हणजे विषयवार वाटणी करणाऱ्या कोणत्याच विभागाने आपली म्हणून मागितली नसती अशी होती. आपल्याकडच्या विषयवार तरतुदीचा दोष नेमका येथे दिसतो. शेती आणि कायदा, वैद्यक आणि समाजशास्त्र यांच्या बांधावर उगवलेल्या पुस्तकाचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो.

छापील शिक्क्याच्या जागी आता कळ दाबल्याची नोंद आली आहे. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांचा वापर सर्व प्रकाशकांनी एकाच मापाने मोजावा म्हणून काउंटर नावाची आंतरराष्ट्रीय संहिता 2003 पासून प्रचारात आहे; परंतु तिलाही न कापलेल्या पानांची अडचण भेडसावलीच. एकाच वाचकाने एकच लेख आधी पडद्यावर उघडला आणि मग उतरवून घेतला तर तो दोनदा वापरला असे मोजले जाई, आणि ज्या प्रकाशकाची रचना वाचकाला दोनदा कळ दाबावयास लावी त्याची नियतकालिके अधिक लोकप्रिय दिसत. 2019 पासून लागू झालेल्या पाचव्या आवृत्तीत एका बैठकीतील अशा मागण्या एकच धरण्याची स्वतंत्र मोजणी आली, तेव्हा कोठे हा फुगवटा दिसू लागला. आपल्या देशाच्या दृष्टीने याला आज विशेष महत्त्व आहे. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या योजनेस मंजुरी दिली: 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, आणि 6300 हून अधिक सरकारी संस्थांतील विद्यार्थी-संशोधक. तालुक्याच्या गावच्या सरकारी महाविद्यालयातील अध्यापकास जे दर्शनही दुर्लभ होते ते त्याच्या मेजावर यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण करार पुन्हा करण्याची वेळ येईल तेव्हा ब्रॅडफर्ड आणि उर्कहार्ट यांचा जुना प्रश्न दारात उभा राहील, की या 13,000 पैकी कोणती किती वाचली गेली. आणि त्याचबरोबर ती दुसरी, अधिक नाजूक चौकशीही करावी लागेल, की जेथे ती वाचली गेली नाहीत तेथे गरज नव्हती, की योजनेची वार्ताच पोहोचली नव्हती.

आकड्यांची ही फसगत आपल्या परिचयाची आहे. नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, मूल्यांकनासाठी महाविद्यालये जो अहवाल भरीत आली, त्यात ग्रंथालयाचा दररोज किती विद्यार्थी-प्राध्यापक वापर करतात हे द्यावे लागे, आणि त्यासाठी दारावरची येण्याजाण्याची नोंद धरली जाई. आता पुण्यातील कोणत्याही ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सकाळी आठ वाजता डोकावून पाहावे: सर्व खुर्च्या भरलेल्या, माना खाली घातलेल्या, पाण्याच्या बाटल्या रांगेने मांडलेल्या, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याने घरून आणलेले स्पर्धा-परीक्षेचे पुस्तक. ग्रंथालयाचे एकही पुस्तक जागचे हललेले नसते. दारावरील वहीच्या हिशेबी हा वापर उत्तम. फळ्यांच्या हिशेबी शून्य. आणि त्या मुलांच्या हिशेबी ग्रंथालय म्हणजे शांतता, पंखा आणि भाड्याच्या खोलीत न मिळणारे टेबल. ही गरजही खरीच आहे, हेटाळण्याजोगी मुळीच नव्हे. पण तिच्यावरून ग्रंथखरेदीची तरतूद वाढवून मागणे म्हणजे धर्मशाळेतील गर्दी दाखवून देवळाच्या कळसासाठी वर्गणी गोळा करणे होय.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. चिठ्ठीवर फक्त तारीख असे. पण खिडकीआडच्या पेटीत पुस्तकागणिक एक कार्ड असे आणि त्यावर नेणाऱ्याचे नाव व सही. कोणी काय वाचले हे ग्रंथालयाला असे पूर्वीपासून कळत आले आहे. संगणकाने ते चुटकीसरशी कळू लागले, इतकेच. अमेरिकेत 2001 च्या दहशतवादविरोधी कायद्याने सरकारला अशा नोंदी मागविण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा तेथील कित्येक ग्रंथालयांनी पुस्तक परत येताच वाचकाचे नाव नोंदीतून पुसून टाकण्याचा शिरस्ता पाडला. खरेदीचा विचार करणाऱ्याला पुस्तक किती वेळा गेले एवढे कळले तरी बस्स आहे. कोणी नेले, याची त्याला गरज नाही.

आमच्या त्या ग्रंथालयात यथाकाल संगणक आला. पुस्तकांवर काळ्या रेघांच्या पट्ट्या चिकटल्या, चिठ्ठ्या डकविणे थांबले, जांभळ्या शाईची गादी वाळून गेली. काही वर्षांनी जागेची ओढाताण सुरू झाली, आणि कमी करावयाच्या पुस्तकांची यादी यंत्रातून काढण्यात आली. तीत प्रत्येक दाखल अंकासमोर वापराचा आकडा होता. जमीनमहसुलाच्या इतिहासासमोर शून्य होते. ते खोटे नव्हते; चिठ्ठीवरचे ते दोन शिक्के यंत्र येण्यापूर्वीचे, ते कोणी यंत्रात भरलेच नव्हते, आणि यंत्र आले त्या दिवसापासून खरोखरच तो कोणी नेला नव्हता. यादीतील पुस्तके एका लांब टेबलावर मांडून ठेवली होती, आणि ग्रंथपालबाई एकेक उचलून, मागचे पान उघडून, मग बाजूला ठेवीत होत्या. हा ग्रंथ हाती आला तेव्हा त्यांनी चिठ्ठी पाहिली, वरून जोडपाने पाहिली, टेबलावरची लाकडी पट्टी घेतली, आणि 49वे पान मोकळे केले.